दादरचं अर्धं पोतं

लोखंडी डंबेल म्हसावदच्या उन्हात तव्यासारखं तापतं, म्हणून हेमकांतने घरातलं दादर ज्वारीचं अर्धं पोतंच व्यायामाला धरलं. पहिल्या दिवशी अंगणात ते खांद्यावर घेताना त्याला घाम फुटला. महिन्याभरात मात्र गडी ते एका झटक्यात उचलायला लागला. मग काय, छाती फुगवून त्याने गावाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा, "रविवारी चौकात या सगळे. क्विंटलभर वजनाच्या नवनीतला खांद्यावर घेऊन दाखवतो!" नवनीतनेही लगेच अंगठा दिला.

शनिवारी संध्याकाळी त्याची आई दगूबाई त्याच पोत्यातून रोजच्यासारखं दळण काढत होती.

"हेमकांत, आते दुसरं पोतं आन भो. यामानी निम्मी दादर तं तूच खाई गया!"