सकाळची बस

बस सुटायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि आईचा जीव टांगणीला लागला होता. बसची काळजी नव्हती. पोरगा अजून आला नव्हता.

तो येतोय, थोडं थांबा, असं तिने ड्रायव्हरला दोनदा सांगितलं होतं. ड्रायव्हर पेपर वाचत होता. गाडी कुठे पळून जात नाही, असं म्हणून त्याने पान उलटलं. मागच्या बायका ऐसपैस गप्पा मारत बसल्या होत्या. घाई म्हणून या गावात कुणाला नव्हतीच. जुन्या देवळांचे अवशेष बघायला येणारे लोक यावरच तर भाळतात. तिचा मुलगाही चार दिवसांसाठी आला आणि असा भाळला की दोन वर्षं झाली, इथेच सायकली भाड्याने देत बसलाय.

तिकडे त्याचे वडील हॉस्पिटलात होते. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले, तशी ती त्याला न्यायला आली. आल्यापासून तो रोज उद्या निघू म्हणत होता, तेही इतकं गोड की तिला धड रागावताही येईना. काल तर तो तिला देवळं दाखवायला घेऊन गेला. तिचं कशात लक्ष होतं! गाभाऱ्यात मूर्तीसुद्धा नव्हती, नुसता ओलसर काळोख. तरी तिने हात जोडले. नवऱ्याचं आयुष्य नाही मागितलं, पोराला घेऊन एवढ्या लांब परत पोचेपर्यंतचा वेळ मागितला.

शेवटी पोरगा दिसला. हातात पिशवी घेऊन चौकातून पळत येत होता. आला, आला, म्हणत मागच्या बायकांनी सरकून जागा केली. तिचा जीव भांड्यात पडला.

तो दाराकडे गेलाच नाही. तिच्या खिडकीशी आला आणि पिशवी आत दिली. केळी होती, पाण्याची बाटली होती.

"वाटेत खाऊन घे. बाबांना सांग, पुढच्या महिन्यात नक्की येतो."

"पुढच्या महिन्यात कुणाला भेटायला येशील?"

तो हसायला गेला, पण ते काही त्याला जमलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "मला त्यांना तसं बघवणार नाही गं."

"मला बघवतं?"

तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याचं मनगट धरलं. ड्रायव्हरने पेपर बाजूला ठेवून इंजिन सुरू केलं, तशी सगळी गाडी थरथरायला लागली.

"आई, सोड. गाडी सुटतेय."

तिने दुसराही हात बाहेर काढला. मांडीवरची पिशवी पडली आणि केळी सीटखाली गेली.

ड्रायव्हरने आरशातून ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं.