टोरंटो ते पुणे अंतर

"कुणाचा इस्वास बसणार न्हाई, पर टोरंटोचं इमानतळ पुण्याकडं सरकतंय," निघोजचे मारुतराव भर दुपारी ओसरीवर छाती काढून सांगत होते.

त्यांचा मुलगा प्रीतम टोरंटोत वारला त्याला वर्ष होत आलं होतं. भाऊबंद वर्षश्राद्धाचं ठरवायला जमले होते.

"पोरगं वाटंला लागलंय, अन् त्याला पिंड? म्या न्हाई घालणार."

मारुतराव मोबाइलवर रोज दोन्ही विमानतळांमधलं अंतर काढत. साडेबारा हजारांवरून ते घटतच चाललं होतं, म्हणे. "आज चारशे किलोमीटर ऱ्हायलंय."

भाऊबंद गालात हसले. सासऱ्याची थाप उघडी पाडायला प्रीतमच्या बायकोनं, मंजुषानं, मोबाइल ओढून घेतला. आकडा बघून तिनं नकळत पदर डोक्यावर घेतला.

"आबा, खोटं बोलताय तुमी. चारशे न्हाई, चार हायेत. आता तीन."