नवमीची हजेरी

“हे कोणाचं?” तातांनी, म्हणजे तुळसीच्या आजोबांनी, विचारलं. कुंकवानं माखलेलं त्यांचं बोट हवेतच थांबलं.

पाटावर हत्यारं ओळीनं मांडलेली होती. मधोमध पणजोबांची तलवार. तिच्या एका बाजूला अप्पांचा कारखान्यातला मोठा पाना, दुसऱ्या बाजूला अम्माची विळी, मग तुळसीची कंपासपेटी. प्रत्येकावर शेवंतीचं एकेक फूल. आणि कंपासपेटीला अगदी खेटून, कोणाला दिसू नये असा आणि सगळ्यांना दिसावाच असाही, एक हिरवट काळा दगड. तळहाताएवढा. एक टोक बोथट, दुसऱ्याला धार.

“माझं!” तुळसी म्हणाली. “कुऱ्हाड आहे ती, ताता. दगडाची! बेळगोळच्या कालव्याकाठी मलाच सापडली. वनजा मिस म्हणाल्या, चार हजार वर्षांची तरी असेल!”

वनजा मिस तिला इतिहास शिकवायच्या. सोमवारी त्या कुऱ्हाड म्युझियमला नेऊन देणार होत्या. मग काचेचं कपाट, कुलूप आणि नंबराची चिठ्ठी. कुंकू लागायचं तर आजच्या आयुधपूजेलाच, नाहीतर कधीच नाही. या विचारानं तुळसीला सकाळी दोसासुद्धा गेला नव्हता.

“सापडली म्हणून तुझी?” ताता म्हणाले. “काय तोडलंस तिनं?”

“अजून... काही नाही.”

“मग उचल.”

कारण रणोजीराव तातांच्या घरची पूजा म्हणजे हजेरी. घराण्यातले पुरुष म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते, तेव्हापासूनची. आजोबांनी मालकाचं नाव पुकारायचं, मालकानं ओ द्यायची, मगच हत्याराला कुंकू. ओ नाही तर कुंकू नाही. आताच त्यांनी “गंगाधरराव!” म्हटल्यावर अप्पांनी ताठ उभं राहून ओ दिली होती. “जयलक्ष्मी!” म्हटल्यावर अम्मा म्हणाली होती, “ओ! आणि लवकर आटपा मामंजी, चुलीवर भात आहे.”

“अय्यो ताता,” तुळसी म्हणाली, “मग तलवारीची ओ कोण देतं? वेंकोजीराव पणजोबा तर अप्पांच्या जन्माआधीच गेले!”

“तुळसी, सुम्ने बस!” अम्मानं डोळे वटारले.

ताता मात्र रागावले नाहीत. “मी देतो. मी त्यांचा मुलगा. या दगडाचं इथं कोण आहे?”

त्यांनी दगड उचलून बाजूला ठेवायला घेतला. पण त्यांच्या रुंद मुठीत तो बसेना. त्यांनी उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. अप्पांनी हात पुढे केला, त्यांच्याही हातात तो अवघडूनच राहिला.

मग तुळसीनं घेतला. तिचा अंगठा आपोआप एका उथळ खळगीत जाऊन बसला. मागून चारी बोटं मिटली. काही उरलं नाही, काही कमी पडलं नाही. दगड कोमट होता, आत्ताच कोणी खाली ठेवल्यासारखा.

आणि म्हैसूरच्या अग्रहार पेठेतली ती खोली हळूच लांब गेली. कालवा नव्हता, कारखाना नव्हता. नुसतं उंच गवत आणि त्यापलीकडे नदी. ओल्या पायांची एक मुलगी फांदी तोडते आहे. घाव घालताना तिची जीभ दातांत आली आहे. लांबून कोणीतरी हाक मारतं. ती ओ देते, कुऱ्हाड गवतात ठेवते आणि पळत जाते. लगेच परत येणार असल्यासारखी.

“मुलगी होती ती, ताता,” तुळसी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “माझ्याएवढीच. हा बघा तिचा अंगठा.”

तातांनी चष्मा लावला. वाकून त्या खळगीकडे आणि तिच्यात बसलेल्या अंगठ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

“नाव काय तिचं?”

“ते नाही ठाऊक.”

“मग पुकारू कसं? आणि कुठल्या भाषेत? मराठी तिला कुठून येणार? कन्नडसुद्धा कुठं होती तेव्हा!” आता ते दटावत नव्हते. खरंच विचारत होते.

“हा आवाज तर तिला कळेल,” म्हणत तुळसी दाराशी गेली. उंबऱ्याच्या दगडापाशी उकिडवी बसली आणि कुऱ्हाडीचं बोथट टोक त्यावर हळूच आपटलं.

टक. टक. टक.

बाहेर दसऱ्याच्या मिरवणुकीची तालीम संपवून बन्नीमंटपाकडून परतणारे हत्ती सावकाश चालले होते. त्यांच्या घंटा लांब लांब होत गेल्या. स्वयंपाकघरातून भात करपल्याचा वास आला. अम्मा उठली नाही.

ताता ताठ उभे होते. कुणाचंही नाव पुकारलं की ते जेवढं थांबत, तेवढेच थांबले. तुळसीनं दगड पाटावर नेऊन ठेवला. ओ तिच्या अगदी ओठांवर आली होती.

पण तिच्याआधी ताताच बोलले. हळू आवाजात, वर्षातून एकदा तलवारीपाशी बोलत तसे.

“ओ.”

मग दगडाला मधोमध जागा व्हावी म्हणून त्यांनी तलवार वीतभर बाजूला सरकवली.