तिच्या झोपेतला दिगंबर

प्रदर्शन पाच चित्रकारांचं होतं. चौघांच्या भिंतींवर नुसते रंगांचे पट्टे आणि डाग होते. हेमलता बिडकरच्या भिंतीवर मात्र ढगांतून चालणाऱ्या म्हशी होत्या, पाण्याने काठोकाठ भरलेला जिना होता. लोक तिथे थांबून विचारत, "हे सुचतं कसं हो तुम्हाला?"

"स्वप्नात दिसतं," ती सांगे. मग लोक पुढच्या भिंतीकडे वळत. झोपेची गरज संपवणारी लस बाकी सगळ्यांनी घेतली होती. स्वप्न कसं असतं, हे त्यांना आता नीट आठवतही नव्हतं. हेमलताने चित्रांसाठी लस नाकारली होती.

दुपारी तिचा नवरा दिगंबर आला. त्याला लस घेऊन अकरा वर्षं झाली होती. ती झोपली की तो बाहेरच्या खोलीत काम करत बसे.

शेवटच्या चित्रापाशी तो थांबला. चित्रातल्या माणसाच्या खांद्यावर चिंचेचं झाड उगवलं होतं. चेहरा दिगंबरचाच होता.

"हा मी?"

"हो. नेहमी येतोस."

दिगंबर चित्राच्या आणखी जवळ गेला. "काय करतो मी तिथे?"

"काही नाही. माझ्या शेजारी झोपतोस."

"गाढ?"

"घोरतोससुद्धा."

तो हसला नाही. त्याने कोपऱ्यातली खुर्ची ओढून घेतली, चित्रासमोर बसला आणि डोळे मिटले. हेमलता शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि नुसती नकारार्थी मान हलवली.