आडवी दांडी
१९९४ साली अव्वल गटात चढलेला अंथुर्ण्याचा 'नवजीवन' फुटबॉल संघ एकाच हंगामात घसरला, तो आघाडीला खेळणाऱ्या अनुपच्या बेफाम फटक्यांमुळे, असा मंडळाच्या अहवालाचा निष्कर्ष आहे. फटके गोलच्या आडव्या दांडीवरून गेले, हे खरेच. मात्र बढतीच्या सत्कारासाठी मैदानावरचे लोखंडी गोलखांब दांडीसकट उपटून मांडव उभारला गेला आणि ते परतलेच नाहीत, याची अहवालाला आठवण नाही. मग पोरांनी हंगामभर सरावाला दोन ऊस रोवून त्यांच्यामधून नेम धरला. उसांवर आडवी दांडी नसते. अनुपला संघातून काढण्यासाठी भरलेल्या सभेत त्याने अध्यक्षांना एवढेच विचारले, "आप्पासाहेब, आमचं खांब कुठं हायत?" इतिवृत्ताने गाळलेले उत्तर शब्दशः असे: "माझ्या गोठ्याला हायत की. छपराला मापात बसलं. गाय व्यायली हुती, तिला उन्हात ठिवू व्हय? गोल काय, पुढल्या सालीबी हुतील."