गावाची आणेवारी

दुष्काळाच्या साली परदेशातून आलेल्या शामकांतने गावच्या शाळेत आपलं संशोधन सांगितलं. "दूध पचवणाऱ्या रसाच्या लाखो रेणूंची सरासरी फसवते. म्हणून आम्ही एका बारीक थेंबात एकच रेणू धरतो आणि तो एकटा काय करतो ते बघतो." सगळ्यात मोठी टाळी त्याच्या वडिलांची, नृसिंह तलाठ्यांची.

मागून छबूबाई उठली. "मंग तलाठी आप्पा, माज्या एकटीचं रान बघा की! कॅनॉलवाल्यांच्या पिकात मिळवून समद्या गावाची आनेवारी बरी लावली तुमी. म्हून सरकार दुष्काळ लावंना, खडी फोडायचं कामबी मिळंना आमाला."

"बाई, आणेवारी गावाची निघते," आप्पा हसले.

परदेशी परतलेल्या शामकांतने दिवाळीत पत्रातून विचारलं, "छबूबाई कशा आहेत?"

आप्पांनी उलट टपाली कळवलं:



"चि. शामकांत, बाई पावसाआधीच उपासमारीनं वारली. त्याच आठवड्यात पाटलांकडे नातू झाला, त्यामुळे गावची माणसं होती तेवढीच आहेत."