मन स्थिर आहे

लेकीच्या, केतकीच्या साखरपुड्याला निघायचं, आणि गाडी हलेना. रोहिदासने स्टिअरिंगवर तळवे टेकले की ती एकच म्हणे, "मन अस्वस्थ. चालवू नये."

तो तिसऱ्यांदा पिऊन धडकल्यावर कोर्टाने गाडीत हे मन तपासणारं यंत्र बसवलं होतं. दारू हे नुसतं लक्षण, रोग मनात, असं ठरल्यापासून श्वास तपासणं बंदच झालं होतं. दारू सोडल्यापासून मात्र रोहिदासचे हात थरथरत.

"भाड्याची गाडी करू," तो म्हणाला.

"म्हणजे व्याह्यांना कळू दे, आपली का हलत नाही! मोडलं लग्न!" निर्मला तणतणत घरात गेली आणि नवऱ्यापासून लपवलेली बाटली घेऊन आली. "एवढंच घ्या. औषध समजून."

"अगं, केतकीची शपथ घातलीस ना मला?"

"सुटली म्हणते."

मागे बसलेली केतकी साडी सावरत राहिली. रोहिदास प्यायला. हात थांबले. गाडी गोड आवाजात म्हणाली, "मन स्थिर आहे. शुभ प्रवास."

घाट लागला तसा तो गुणगुणू लागला.

"परत यायचंय हं," तो हसून म्हणाला. "बाटली घेतलीस?"

निर्मलाने ती पेढ्यांच्या खोक्याशेजारी आधीच ठेवली होती.